वर संत्री, खाली कोळसा

(दृश्य: सकाळ. संत्र्याची बाग, दव पडलेली पानं.)

सावनेर तालुका, जिल्हा नागपूर. वर ही बाग. आणि याच तालुक्याच्या पोटात गोंडवाना काळातल्या जंगलांचा झालेला कोळसा, पंचवीस-तीस कोटी वर्षं जुना. एक काढायचं म्हणून दुसरं उपटायलाच हवं का?

(दृश्य: लॅम्प रूम. फळीवर बिल्ले.)

भूमिगत कोळसा खाणीतली पहिली पाळी. आधी हजेरी, मग टोपीवरचा दिवा, कमरेला बॅटरी आणि सेल्फ रेस्क्यूअर, म्हणजे विषारी वायूत श्वास घेता यावा म्हणून जवळ ठेवायचं यंत्र. बिडी, काडीपेटी, मोबाइल सगळं वरच. खाली मिथेन असू शकतो, ठिणगीचं निमित्त पुरतं. आमचा नेहमीचा कॅमेराही इथेच ठेवून घेतला. पुढची दृश्यं परवानगीच्या सुरक्षित कॅमेऱ्याची.

(दृश्य: इनक्लाइन, म्हणजे खाणीत उतरणारा तिरका बोगदा. उतार, काळोख. ड्रेसर, छत तपासणारा कामगार, सळईने छत ठोकतो.)

हा आवाज ऐका. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसंच. ठणठणीत वाजलं तर छत धडधाकट. बद्द वाजलं, म्हणजे वरचा थर सुटलाय. तो आधी सळईने पाडायचा. मग छताला भोक, भोकात सिमेंटची कॅप्सूल आणि छताचे थर बांधून ठेवणारा रूफ बोल्ट. हे झाल्याशिवाय पुढे पाऊल नाही.

पद्धत जुनीच, बोर्ड अँड पिलर. कोळशातून रस्ते कापत जायचं आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब सोडायचे. रस्ता फार तर 4.8 मीटर रुंद. वरचं सगळं ओझं या खांबांवर.

(दृश्य: कंटिन्युअस मायनर.)

नव्या खाणीत मात्र सुरुंग नाही, टोपल्या नाहीत. दात बसवलेला हा ड्रम फिरतो, कोळसा खरवडून काढतो, शटल कार तो उचलून कन्व्हेयर पट्ट्यापर्यंत नेते. चालवणारा रिमोट घेऊन मागे उभा, बोल्ट मारलेल्या छताखाली.

(दृश्य: ड्रोन. उमरेडची उघडी खाण.)

आता हे बघा. या टेकड्या नाहीत. कोळशावरची माती-मुरूम उपसून घातलेले ढीग आहेत. देशातला 95 टक्क्यांहून जास्त कोळसा असाच निघतो. केंद्र सरकारला 2030 पर्यंत भूमिगत खाणींतून वर्षाला 10 कोटी टन हवा आहे, तो उगाच नाही. भूमिगत खाणीला वर जागा लागते ती तोंडापुरती: इनक्लाइन, खाणीत हवा खेळवणारं फॅन हाऊस, कोळशाचं यार्ड, कचेरी.

(दृश्य: चिमण्या, रात्रीचे दिवे.)

गिऱ्हाईकही दारातच. खापरखेड्याचं वीज केंद्र, 1340 मेगावॅट. कोराडीच्या वीज केंद्राचे 660 मेगावॅटचे तीन संच. याच पट्ट्यातला कोळसा म्हटल्यावर रेल्वेच्या रेकची वाट बघणं आलं नाही.

(दृश्य: पंप, पाण्याच्या बाटल्या.)

खाणीत झिरपणारं पाणी उपसावंच लागतं. पाटणसावंगीला वेस्टर्न कोलफील्ड्स (वेकोलि) ही सरकारी कोळसा कंपनी तेच शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीत भरते. पुढे खांब काढले की वरची जमीन काही ठिकाणी खचते, आसपासच्या विहिरींचं पाणी खोल जातं. त्याची मोजणी आणि भरपाई कंपनीकडे.

(दृश्य: पाळी सुटते. काळे चेहरे, उन्हाने मिटलेले डोळे.)

तीन पाळ्या, म्हणजे तीन वेळा हा रस्ता गजबजतो. फाटकासमोरची चहाची टपरीसुद्धा पाळीच्याच वेळेवर चालते.

(दृश्य: लॅम्प रूम. एकेक बिल्ला फळीवर परत.)

सकाळी गेले तेवढे मोजून घेतात. अजून दोन यायचे आहेत.

(दृश्य: इनक्लाइनच्या तोंडाशी दोन दिवे. निवेदन नाही.)