त्यात काय हशील?

मंडळी, विषय जाहीर झालाय 'एक अरबी धातू, अनेक अर्थ'. धातू कोणता ते मुद्दाम सांगितलं नव्हतं. ह-स-ल. यातला स आपल्यासारखा हलका नाही, जीभ मागे दाबून जाड केलेला. अरबीत अशी तीन व्यंजनं म्हणजे धातू. ती साच्यात, म्हणजे स्वरांच्या आणि जादा अक्षरांच्या ठरलेल्या चौकटीत, घालायची की शब्द तयार.

साच्यांकडे येतोच. त्याआधी मनातलं एक दुखणं सांगतो. मागे एका नियतकालिकाला लेख दिला होता. त्यात वाक्य होतं, 'बांधावरून भांडण्यात काय हशील?' छापून आलं 'काय अर्थ?' फोन केला, तर पलीकडून उत्तर, "सर, हशील आता कुणाला कळत नाही." ते मला अजून लागतं. अर्थ आणि हशील एक नव्हेत हो!

माझी आजी दुपारी ओसरीवर सूप घेऊन बसायची. मनगटाला एक हिसका दिला की फोल पुढे उडायचं, दाणा मागे सरकायचा. शेजारणी गाऱ्हाणी घेऊन यायच्या. तिचं पाखडणं चालू, कान त्यांच्याकडे. सगळं ऐकून झालं की सूप मांडीवर टेकवायची आणि विचारायची, "एवढं करून हशील काय?" म्हणजे पाखडल्यावर सुपात काय उरलं ते सांग. 'काय अर्थ?' या प्रश्नात हे सूप कुठे आहे?

आजीला अरबी येत नव्हती. पण राघिब इस्फहानी या जुन्या पंडितानं कुराणातल्या शब्दांचा कोश केलाय, त्यात तो 'तहसील' कसा समजावतो बघा: सालीतून गर काढणं, जसं खाणीच्या दगडातून सोनं, भुसकटातून गहू. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कोश मिटून नुसता बसून राहिलो. भुसकटातून गहू! कुराणाच्या शंभराव्या सूरेत, म्हणजे अध्यायात, छातीत दडलेलं सगळं बाहेर काढलं जाईल असं म्हटलंय, तिथलं क्रियापदही याच धातूचं.

तर साचे. चिठ्ठी आलीय, दहाच मिनिटं उरलीत, भराभर सांगतो. शाहीर, हाजीर ज्या साच्यातले, त्यातच 'हासिल', म्हणजे हाती उरलेलं. आपलं हशील हेच. जुन्या पुस्तकांच्या जाहिरातीत 'टपाल हशील निराळे', म्हणजे टपालखर्च वेगळा, असायचं, तेही हेच. मजकूर, मशहूर यांच्या साच्यात 'महसूल'. अरबांकडे आणि तुर्कांकडे तो शेतातलं पीक, आपल्याकडे पिकावरचा सारा. तपशील मुळात 'तफसील', त्याच साच्यात 'तहसील'. आपल्याकडे ते साऱ्याची वसुली करणारं ठाणं झालं; तुर्कीत 'तहसील' म्हणजे शिक्षणसुद्धा! अरबी गणितात बेरजेचं आणि गुणाकाराचं उत्तर 'हासिल', आणि अरबी पोरं पैसे साठवतात तो गल्ला 'हस्साला'.

आत्ता बोलता बोलता 'वसुली' म्हणालो. ते मात्र या घरातलं नव्हे. त्याचा धातू व-स-ल, अर्थ पोचणं. मराठीत दोन्ही शब्द एकाच कचेरीत बसतात म्हणून फसायला होतं.

आता राहिला माझा सगळ्यात लाडका शब्द. कोंबडी दिवसभर टिपत हिंडते आणि दाणे गळ्याखालच्या पिशवीत साठवते. संध्याकाळी डालायला धरली की आजी तिथे बोट लावून बघायची. टणक लागलं तर पोट भरलंय. त्या पिशवीला अरबीत म्हणतात 'हौसला', आणि अरबी कोशकार तो याच धातूखाली देतात. फारसीत पिशवीचा अर्थ झाला माणसाच्या आत किती मावतं, म्हणून धीर, सोसण्याची ताकद. उर्दू-हिंदीत हिंमत. इराणी माणूस कंटाळला की आजही जे म्हणतो, त्याचं शब्दशः मराठी करायचं तर, 'माझा हौसला उतू गेला.'

वेळ संपलीय. कुणाच्या घरी टपाल हशील छापलेली जुनी पुस्तकं असतील तर जाताना मला जरूर सांगा, मला ती बघायचीत.