जेवायचं कुठे? आधी घड्याळ बघा

श्रोतेहो, नमस्कार.

आपण नव्या शहरात उतरतो, रूमवर बॅग टाकतो, तोंडावर पाणी मारतो आणि लगेच प्रश्न येतो, जेवायचं कुठे? मग मोबाईल काढायचा, रेटिंग बघायचं, फोटो बघायचे आणि निघायचं. कामामुळे मला सारखं फिरावं लागतं आणि मी पण कितीतरी वर्षं हेच करायचे. आता मात्र मी आधी किती वाजलेत ते बघते, मग जागा शोधते. का, ते सांगते.

एकदा एका शहरात दुपारी चारला पोचले. सकाळपासून पोटात काही नव्हतं, रेटिंग झकास दिसलं म्हणून एका हॉटेलात शिरले. आख्खं हॉटेल रिकामं, एक मुलगा फरशी पुसत होता. ताट तीन मिनिटांत समोर आलं, खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं, कारण तीन मिनिटांत कुणी स्वयंपाक करत नाही, तो आधीच करून ठेवलेला असतो. भात वरून कोमट होता आणि बोटाने जरा उकरला तर आत गारढोण. भूक लागली होती, खाल्ला. मग रात्र कशी गेली विचारू नका, दुसऱ्या दिवसाचं काम पूर्ण बुडालं. आता गंमत अशी की दोन दिवसांनी जिच्याकडे कामाला गेले होते ती बाई मला दुपारी एक वाजता नेमकी तिथेच घेऊन गेली. मी नको नको म्हणत गेले आणि खरं सांगते, त्या दौऱ्यातलं सगळ्यात छान जेवण मी तिथेच जेवले! तेच किचन, तीच माणसं. फरक फक्त वेळेचा.

यामागचं कारण साधं आहे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात अन्नातले जंतू वाढतात, वातावरण मानवलं तर काही जंतू २० मिनिटांत दुप्पट होतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेलं अन्न २ तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. भाताचं तर अजून वेगळं आहे, त्यात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याचं टणक, झोपलेलं रूप, असू शकतात, ते शिजवल्यावरही टिकतात आणि भात तसाच बाहेर पडून राहिला तर असं विष तयार होऊ शकतं जे पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणजे "जरा गरम करून द्या" म्हटलं की झालं, असं नाही.

म्हणून कुठल्याही गावात गेलात की पहिलं हे विचारा, इथे लोक जेवतात किती वाजता? त्या वेळेला जा. गर्दी असेल, थांबावं लागेल, थांबा. गर्दी असली की भांडी भराभर रिकामी होतात आणि पुढचं ताजं शिजतं. रस्त्यावरच्या गाडीचंही तेच, तुमच्या डोळ्यासमोर चटका बसून वाफ निघत थेट तुमच्या हातात आलेला पदार्थ हा चकचकीत हॉटेलातल्या तासभर मांडून ठेवलेल्या बुफेपेक्षा मला कधीही बरा वाटतो. फक्त एक बघा, पैसे घेणारा हात आणि वाढणारा हात एकच आहे का, आणि ओटा पुसायचं फडकं आणि ताटल्या पुसायचं फडकं एकच आहे का. दोन मिनिटं बाजूला उभं राहिलं की सगळं दिसतं.

आणि विचारायचं कुणाला? "इथे चांगलं कुठे मिळतं" असं विचारलं की लोक तुम्हाला पाहुणे समजून मोठं, महागडं, नाव असलेलं ठिकाण सांगतात, त्यांना वाटतं आपल्या गावाचं नाव खराब नको व्हायला. त्यापेक्षा विचारा, "तुम्ही काल कुठे जेवलात?" हे मेडिकलवाल्याला विचारा, ड्युटी संपवून निघालेल्या नर्सला विचारा, जे रोज बाहेर खातात आणि ज्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचंच असतं अशांना विचारा. स्टेशनसमोरच्या आणि फिरायच्या ठिकाणाला चिकटून असलेल्या हॉटेलांचं गिऱ्हाईक बहुतेक एकदाच येणारं असतं, दोन गल्ल्या आत गेलात की रोज येणाऱ्यांवर चालणारी हॉटेलं लागतात आणि रोजचं गिऱ्हाईक वाईट जेवण दोनदा सहन करत नाही.

आता पाणी. पाण्याची शंका असेल तर बाटली घ्या आणि सील स्वतः तोडा, आधीच उघडून आणलेली नको. बर्फ विसरतो आपण. गोठवल्याने जंतू मरतातच असं नाही, त्यामुळे नळाच्या पाण्याचा बर्फ म्हणजे नळाचं पाणीच. पाणी उकळायचं असेल तर खळखळून १ मिनिट, २००० मीटरच्या वरच्या गावात ३ मिनिटं, कारण उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं. ब्रश करायलाही तेच पाणी. गरम चहा-कॉफी त्या मानाने निर्धोक.

जे दारू घेतात त्यांना कळकळीने सांगते, लेबल नसलेली, सुटी, कुणीतरी ओळखीने आणून दिलेली दारू घेऊ नका. त्यात मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल असलं तर चवीने किंवा वासाने कळत नाही, त्रास कधीकधी १२ ते २४ तासांनी सुरू होतो आणि डोळे जातात, जीव जातो. पिल्यानंतर अंधुक दिसायला लागलं तर झोपून बघू असं करू नका, तडक हॉस्पिटल.

पोट बिघडलंच तर, म्हणून बॅगेत आधीच ओआरएसची पाकिटं ठेवा. नसतील तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा छोटा, चहाचा. मीठ जास्त नको. घोट घोट प्यायचं. ताप आला, शौचातून रक्त गेलं किंवा लघवी कमी झाली तर डॉक्टरकडेच जा. आणि कुणाला शेंगदाणा, मासे, दूध कशाचीही ॲलर्जी असेल तर ते तिथल्या भाषेत कागदावर लिहून घ्या, वेटरला नाही, आत स्वयंपाक करणाऱ्याला दाखवायला सांगा.

राहिलं एक, रात्री उशिरा पोचणाऱ्यांचं. मी आता निघायच्या आधीच उतरायच्या ठिकाणी फोन करते आणि एवढंच विचारते, तुमचं किचन किती वाजता बंद होतं? माझी गाडी त्यानंतर पोचणार असेल तर सोबत केळी आणि पाण्याची सीलबंद बाटली घेते, तेवढ्यावर झोपते आणि सकाळी पहिला तवा तापतो तेव्हा जाऊन बसते.

नमस्कार.