स्वेटरच पाहिजे असं कुणी सांगितलंय?

नमस्कार सगळ्यांना. टाके कसे घालायचे, सुलट-उलट (विणकामातले दोन मूळ टाके) कसं विणायचं हे इथं बसलेल्या बहुतेकींना येतंय, ते मी सांगत बसणार नाही. मला त्याच्या पुढचं बोलायचंय. विणता येतं, घरात लोकर पण आहे, पण आपल्याला नेमकं काय विणायला आवडतं हेच माहीत नसतं, मग दर वेळी स्वेटर काढायचा आणि पाठीचा भाग झाला, एक बाही झाली की कपाटात टाकायचा, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं हिला चिकाटी नाही. मला हे अजिबात पटत नाही. चिकाटी असते वो, प्रकार चुकलेला असतोय.

आपल्याकडं विणकाम म्हणजे स्वेटर हे डोक्यात पक्कं बसलंय. बेळगावात जुलै-ऑगस्टची झड लागली की गारठा असतोच, डिसेंबरात पण असतो, त्यामुळं स्वेटर लागतो हे खरं. पण स्वेटर हे मापाचं काम आहे. 10 सेंटिमीटरला 22 टाके यायला पाहिजेत आणि तुमचा हात सैल म्हणून 20 च आले, तर 90 सेंटिमीटर छातीसाठी घातलेल्या 198 टाक्यांचा स्वेटर सरळ 99 सेंटिमीटरचा होतो. म्हणून आधी तुकडा विणून मोजायला लागतं. ज्यांना असा हिशेब करायला, तुकडे जोडायला, गळा बसवायला मजा येते त्यांनी स्वेटर करावा, खुशाल करावा. एलिझाबेथ झिमरमन नावाच्या विणकामावर पुस्तकं लिहिणाऱ्या बाई होत्या (1910 ते 1999), त्यांनी तर छातीचे टाके एकदा ठरवायचे आणि बाही, मनगट, गळा सगळं त्याच्या टक्केवारीत काढायचं अशी पद्धत बसवली, आणि स्वेटर नळीसारखा गोल विणायचा म्हणजे बाजूची शिलाईच नाही. गणित आवडणाऱ्या बाईला यात केवढा आनंद आहे बघा.

पण सगळ्यांना तो नसतो. काहींना नुसतं विणत राहायचं असतं, समोर मालिका चालू, तोंडानं गप्पा चालू, हात आपले चालू. अशांनी सगळ्या ओळी सुलट विणायचा मफलर नाहीतर बाळाची दुपटी घ्यावी. सगळं सुलट विणलं की कापड दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं आणि कडा गुंडाळत नाहीत, एक ओळ सुलट एक ओळ उलट केलं की गुंडाळतात. मफलरला माप थोडं इकडंतिकडं झालं तरी काही बिघडत नाही. जाळीची शाल याच्या अगदी उलट, तिथं ओळ मोजत, कागदावरचा नमुना बघत एकटं बसायला लागतं, घरात पाहुणे असताना ते काम काढूच नये.

आणि मोजे. आमच्या शेजारच्या अक्का, घरात कन्नड आणि आमच्याशी मराठी, त्यांनी मोजे धरले आणि दुसरं काही विणतच नाहीत. मी त्यांच्या हाताकडं बघत बसते. 64 टाके, दोन्हीकडं टोक असलेल्या सुया, गोल गोल नुसतं सुलट, कारण काम उलटं फिरवायचंच नसतं. मग टाच येते. निम्मे म्हणजे 32 टाके घेऊन तेवढ्याच ओळींची सपाट पट्टी विणायची, मग मध्यापासून थोडं पुढं जाऊन दोन टाके एकत्र, एक टाका विणून काम फिरवायचं, परत तसंच. दर फेरीला एक एक टाका जवळ येत जातो, 32 चे 18 राहतात आणि सपाट पट्टीची आपोआप वाटी होते. अक्का त्या टाचेसाठीच पुढचा मोजा सुरू करतात! खानापूरच्या बसमध्ये पण ते काम पर्समध्ये मावतंय. मोजे थंड देशांतलंच काम असं कुणी म्हणालं तर सांगा, इजिप्तमध्ये सापडलेले शेकडो वर्षांपूर्वीचे विणलेले मोजे सुती आहेत.

तर शोधायचं कसं? वस्तूचा फोटो बघून ठरवू नका, फोटो पूर्ण झालेल्या वस्तूचा असतो आणि तुमचा वेळ जाणार असतो विणण्यात. त्यापेक्षा विणताना कुठल्या भागाची वाट बघता ते बघा. बॉर्डरची? टाचेची? नक्षी बदलण्याची? की मधल्या लांबलचक साध्या ओळींची? त्याच भागाचं काम जास्त असलेली वस्तू निवडायची. आणि पहिल्यांदा छोटंच घ्या, टोपडं, बाळमोजे, उशीच्या अभ्र्याची एक बाजू, म्हणजे नाही आवडलं तर सोडून द्यायला जीव तुटत नाही.

लोकर पण वेगवेगळी धरून बघा. आपल्या भागातल्या दख्खनी मेंढीची लोकर खरखरीत, घोंगड्याला उत्तम, बाळाच्या कानाला नको. दुकानात लोकर म्हणून मिळते त्यातली बरीच ॲक्रिलिक असते, धुवायला सोपी, पण जाळाजवळ वितळते, म्हणून गरम भांडं धरायचे रुमाल सुती दोऱ्याचेच करा. सुती दोरा लोकरीसारखा ताणला जात नाही, त्यामुळं हात लवकर दुखतात, तेव्हा थांबत थांबत विणा. सुया आणि थोडी थोडी लोकर मागच्या टेबलावर ठेवलीय, चहा होईपर्यंत ज्यांना टाच बघायचीय त्यांनी अक्कांजवळ बसा.