कॅमेरा हलवायची मुभा

मित्रांनो, गेम इंजिनात, म्हणजे व्हिडिओ गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, अ‍ॅनिमेटेड लघुपट केला की तो झटपट होतो, असं पुष्कळांना वाटतं. आधी हिशेब करू. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या, तर पाच मिनिटांना 7200 फ्रेम. नेहमीच्या पद्धतीत एकेका फ्रेमचं रेंडर (संगणकाने पक्कं चित्र तयार करणं) तासन्‌तास चालू शकतं. इंजिन तेच चित्र सेकंदाच्या तिसाव्या-साठाव्या भागात देतं. पण मॉडेलिंग, रिगिंग (पात्राला हलवण्यासाठी आत सांगाडा बसवणं), पात्राचा अभिनय ही कामं आहेत तेवढीच राहतात.

मग फायदा कुठे? नेहमीच्या पद्धतीत कॅमेरा करड्या, बिनप्रकाशाच्या पात्रांवर ठरतो. लाइटिंग शेवटी येतं. तेव्हा कळतं, की मावळतीच्या उजेडात नायिकेचा चेहराच दिसत नाही. पण तोवर शॉट बदलणं महाग पडतं. इंजिनात सूर्य खाली ओढला की सावली तिथल्या तिथे लांबते, आणि कॅमेरा दोन पावलं डावीकडे नेऊन बघता येतो. दिग्दर्शक, लाइटिंगवाला आणि संकलक एकाच पडद्यासमोर बसून भांडू शकतात. मला हे वेगापेक्षा फार मोलाचं वाटतं.

1996 मध्ये ‘क्वेक’ हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्या रेंजर्स या गटाने ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’ ही दोन मिनिटांचीही नसलेली फिल्म त्या खेळातच केली. संवाद म्हणजे पडद्यावर उमटणारा मजकूर. पण त्यांनी कॅमेरा खेळाडूच्या डोळ्यांतून बाहेर काढला आणि तिथून सिनेमा सुरू झाला. 2024 मध्ये अ‍ॅनिमेटेड लघुपटाचं ऑस्कर मिळालं ते डेव्ह मलिन्स यांच्या ‘वॉर इज ओव्हर!’ला. कबुतराच्या पायाला चाल बांधून बुद्धिबळ खेळणारे दोन शत्रूसैनिक, आणि न्यूझीलंडच्या वेटा एफएक्स या स्टुडिओने अनरिअल या गेम इंजिनात केलेलं काम.

आता एक अडचण नीट समजून घ्या, कारण ती प्रत्येकाला भेटते. खेळात कट, म्हणजे एका शॉटवरून थेट दुसऱ्यावर उडी, क्वचितच येतो. सिनेमा कटवरच उभा असतो. चित्राच्या कडा गुळगुळीत करायला इंजिन मागच्या फ्रेमचा आधार घेतं. कट झाला की तो आधार तुटतो आणि पहिल्या काही फ्रेम दाणेदार दिसतात, किंवा जुन्या चित्राची पुसट छाया रेंगाळते. केस आणि कपड्यांचंही तसंच: शॉट सुरू होताना ओढणी ताठ उभी, मग एकदम कोसळते. म्हणून प्रत्येक शॉट थोडा आधीपासून चालवायचा आणि त्या फ्रेम टाकून द्यायच्या. अनरिअलच्या मूव्ही रेंडर क्यू या अंतिम रेंडरच्या साधनात त्यासाठी वॉर्म-अपची सोयच आहे. तिथे एका फ्रेमला काही सेकंद लागले तर लागू द्या. अंतिम रेंडर रिअल टाइममध्येच, म्हणजे बघता बघता, झालं पाहिजे, हा हट्ट प्रेक्षकाच्या कामाचा नाही.

आणि पात्रं-सेटच्या जागी साधे ठोकळे ठेवून संकलन आधी पक्कं करा. सूर्य हलवता येतो म्हणून रोज हलवत बसणारे लघुपट मी अर्धवट पडलेले पाहिलेत, आणि त्यांतले काही फार सुंदर होते.