झाकण

[पडद्यावर: गुडवूडचा ट्रॅक, रिकामा. फक्त वारा ऐकू येतो.]

दक्षिण इंग्लंडमधलं गुडवूड. महायुद्धात इथून लढाऊ विमानं उडायची. युद्ध संपलं आणि विमानतळाभोवतीच्या रस्त्यावर गाड्यांच्या शर्यती सुरू झाल्या.

इथे आपण परत येणार आहोत. त्याआधी एका झाकणाची गोष्ट.

साल १९६४. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा रेसिंग ड्रायव्हर ब्रूस मॅक्लारेन एक सेकंडहँड रेसिंग कार चालवून बघतोय. नाव 'झेरेक्स स्पेशल', आधी अमेरिकेच्या रॉजर पेन्स्केची. इंधन भरायच्या तोंडावरचं झाकण काही केल्या नीट बसत नाही, गाडी पळाली की फडफडतं. कुणीही वैतागेल, तोही वैतागला. आणि चालवता चालवताच त्याला प्रश्न पडला. समोरून एवढा वारा येतोय, मग झाकण दबून बसायला हवं. ते उचललं का जातंय? आणि वेग वाढला की फडफडही वाढते, हे कसं?

म्हणजे हवा आतून ढकलतेय! रेडिएटरमधून शिरलेल्या हवेला बाहेर पडायला वाटच नाही. ती आत कोंडते आणि गाडीचं तोंड उचलायला बघते. ब्रूस पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत आला, कात्री उचलली आणि रेडिएटरच्या मागची बॉडी सरळ कापायला घेतली. परत बसला. पुढच्या फेऱ्या आधीपेक्षा वेगवान निघाल्या. या भोकांना पुढे नावच पडलं, नाकपुड्या.

त्या दिवशी त्याला विंड टनेल, म्हणजे गाडीवर वारा सोडून चाचणी घ्यायचा बोगदा, लागला नाही. बुडाखालची गाडी काय सांगतेय ते त्याला कळायचं.

[पडद्यावर: जुना फोटो. छोटी ऑस्टिन सेव्हन.]

ब्रूसचा जन्म ३० ऑगस्ट १९३७चा, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा. वडिलांचं रेमुएरा भागात सर्व्हिस स्टेशन होतं, त्यामुळे ग्रीसचा वास घरचाच. नवव्या वर्षी खुब्याचा पर्थीस नावाचा आजार झाला. पोरं मैदानात धावतात त्या वयात हा जवळपास दोन वर्षं पलंगावर जखडून पडला होता. बरा झाला, पण डावा पाय आखूड राहिला आणि चालताना तो कायम थोडा लंगडायचा. घरी आलेली ऑस्टिन बापलेकांनी मिळून उभी केली आणि मिसरूड फुटायच्या वयात ब्रूस तिच्यावर स्पर्धेत उतरलाही. ती इवलीशी गाडी मॅक्लारेन कंपनीने आजही जपून ठेवली आहे.

१९५८मध्ये शिष्यवृत्तीवर युरोप. पुढच्याच वर्षी डिसेंबरात सेब्रिंगला अमेरिकन ग्रां प्री. शेवटच्या फेरीत आघाडीवरच्या जॅक ब्रॅबमचं पेट्रोल संपलं आणि त्याच्याच कूपर टीममधला ब्रूस पहिला आला. वय २२ वर्षं १०४ दिवस. फॉर्म्युला वनमधला सर्वांत तरुण विजेता हा त्याचा मान २००३पर्यंत, फर्नांडो अलोन्सो जिंकेपर्यंत, टिकला. १९६६मध्ये ख्रिस एमनच्या जोडीने त्याने फोर्डला ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकून दिली. या शर्यतीवर इतकं बोललं गेलंय, की आपण पुढे जाऊ.

[पडद्यावर: केशरी गाड्या, एकामागोमाग एक.]

कारण ब्रूसचं खरं घर या केशरी गाड्या होत्या. १९६३मध्ये त्याने स्वतःची टीम काढली. सुरुवातीचा वर्कशॉप म्हणजे न्यू मॉल्डनमधली एक मळकट शेड, आणि तिच्यातही अर्धी जागा रस्ता सपाट करायच्या यंत्राने अडवलेली! त्या शेडपासून सुरू झालेल्या टीमने उत्तर अमेरिकेतली कॅन-अॅम ही स्पोर्ट्स कारच्या शर्यतींची मालिका खिशात घातली. पिकलेल्या पपईच्या रंगाच्या गाड्या, मागे शेव्हरलेचं अजस्र व्ही-८ इंजिन. एका गाडीत ब्रूस, दुसरीत त्याचाच देशबंधू डेनी हल्म. १९६९च्या मोसमात अकरा शर्यती झाल्या आणि अकराच्या अकरा यांनीच जिंकल्या. लोक गमतीने 'ब्रूस आणि डेनी शो' म्हणायचे.

मधल्या काळात, जून १९६८मध्ये, बेल्जियमला स्पा इथे तो स्वतःचं नाव असलेल्या गाडीतून ग्रां प्री जिंकला. तिथेही पुढच्या जॅकी स्टुअर्टला पेट्रोल कमी पडलं होतं. आपण जिंकलोय हे ब्रूसला शर्यत संपल्यावर दुसऱ्यांनी सांगितलं.

[पडद्यावर: पुन्हा गुडवूड.]

१९६९च्या कॅन-अॅम गाडीवर उंच पंख होता, वाऱ्याच्या जोराने गाडी खाली दाबणारा, थेट सस्पेन्शनवर बसवलेला. पुढच्या वर्षी उंच पंखांवर बंदी आली. म्हणून नव्या एम८डी गाडीचा पंख खाली आला, मागच्या बॉडीवरच्या माशाच्या परांसारख्या दोन उभ्या पट्ट्यांमध्ये. ही मागची बॉडी म्हणजे इंजिनावरचं मोठं झाकणच. गाडी मागून जमिनीला दाबून धरण्याचं काम आता या झाकणावर आलं होतं.

२ जून १९७०, मंगळवार, दुपार. गुडवूडला ब्रूस ही नवी गाडी चालवून बघत होता. ट्रॅकच्या लॅव्हंट नावाच्या सरळ रस्त्यावर, पूर्ण वेगात, मागचं झाकण सुटलं. त्याच्याबरोबर पंखही गेला. चाकांवरचा दाब एका क्षणात नाहीसा झाला, गाडी आडवी फिरली आणि कडेच्या मार्शल चौकीच्या भिंतीवर आदळली. ब्रूस जागीच गेला. तो ३२ वर्षांचा होता. घरी पत्नी पॅटी आणि चार वर्षांची अमांडा होती.

[थोडा वेळ निवेदन नाही. मग वर्कशॉपच्या शटरचा आवाज.]

दुसऱ्या दिवशी टीमच्या माणसांना सुट्टी दिली होती. सकाळी सगळे कामावर हजर.

बारा दिवसांनी कॅनडातल्या मॉस्पोर्टला कॅन-अॅमची पहिली शर्यत. ब्रूसच्या जागी त्याचा मित्र डॅन गर्नी. दुसऱ्या गाडीत डेनी. मे महिन्यात इंडियानापोलिसला लागलेल्या आगीत त्याचे दोन्ही हात होरपळले होते आणि जखमा अजून ओल्या होत्या. पट्ट्या बांधलेल्या हातांनी त्याने स्टिअरिंग धरलं.

गर्नी जिंकला. आणि मोसम संपला तेव्हा विजेता होता डेनी.