शब्द पुढे आला पाहिजे: घरी रेकॉर्ड केलेल्या रॅपचं मिक्सिंग

(नागपुरात नवशिक्या रॅपरांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित)

गाण्यात एखादा शब्द निसटला तरी सूर श्रोत्याला धरून ठेवतो. रॅपला तो आधार नाही. शब्द गेला की यमक गेलं, आणि यमक गेलं की पुढच्या ओळीचा जोर गेला. ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ म्हणत आपल्या बोलीत लिहिणारी तुम्ही पोरंपोरी आहात. तुमचा प्रत्येक शब्द ऐकणाऱ्यापर्यंत पोचवायचा, एवढंच मिक्सिंगचं, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज आणि संगीत जुळवण्याचं, काम. सगळी बटणं त्यासाठीच आहेत.

तुमचा पहिला प्रश्न नेहमी प्लगइनचा, म्हणजे आवाजावर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरचा असतो, माझा कूलरचा. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना ‘कूलर बंद करा’ म्हणणं सोपं नाही. पण त्यामागचा हिशेब समजून घ्या. कंप्रेसर मोठे आवाज दाबतो आणि मग आपण सगळंच वर उचलतो. १० डेसिबल दाबून १० डेसिबल उचललं, की शब्दांच्या मधली कूलरची घरघरही १० डेसिबलने वर येते. रेकॉर्ड करताना जाणवलीसुद्धा नव्हती, ती आता प्रत्येक श्वासामागे ऐकू येते. नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन, लावून ती शब्दांच्या मध्ये थांबेल, शब्दांच्या खाली मात्र राहीलच. गेट जरा कडक झाला तर ओळीच्या शेवटचा ‘त’, ‘प’ खाऊन टाकतो. म्हणून चार ओळींपुरता कूलर बंद, पंखा बंद; टेक झाला की पुन्हा सुरू. लॅपटॉपच्या चार्जरने गुणगुण येत असेल तर तोही तेवढ्यापुरता काढा. आपली वीज ५० हर्ट्झची. तिची गुणगुण १०० आणि १५० हर्ट्झलाही असते. पुरुषाच्या आवाजाचा पाया तिथेच असतो, मग नंतर कापायला गेलात की आवाजही पातळ होतो.

खोलीबद्दल एक गोष्ट उलटी समजली जाते. बरेच जण माइकच्या मागे फोम लावतात. पण आपल्याकडचे बहुतेक माइक कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त ऐकणारे आणि मागचं टाळणारे. त्यांच्या समोर कोण? तुम्ही, आणि तुमच्या पाठीमागची उघडी भिंत. तिच्यावरून परतलेला आवाज सरळ माइकमध्ये शिरतो आणि मूळ आवाजात थोडा उशिरा मिसळतो. त्या उशिरामुळे काही स्वर खोडले जातात, काही फुगतात, आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. हे कोणताही इक्वलायझर (जाड-बारीक स्वर कमी-जास्त करणारं साधन) पुरतं दुरुस्त करत नाही. जाड रजई तुमच्या पाठीमागे टांगा. तोंड माइकपासून एक वीतभर ठेवा. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा मात्र तेवढाच राहतो. पातळी २४ बिटमध्ये अशी ठेवा की सर्वांत मोठा शब्दही उणे ६ डेसिबलच्या खाली राहील. शून्य ही रेकॉर्डिंगची कमाल पातळी; तिला धडकून फाटलेला आवाज नीट परत मिळत नाही.

आता खुद्द मिक्स. मराठीत वाक्याचं क्रियापद शेवटी येतं, यमकही बहुधा तिथेच पडतं, आणि श्वासही तिथेच संपत आलेला असतो. म्हणजे ओळीतला सर्वांत मोलाचा शब्द सर्वांत हळू रेकॉर्ड झालेला असतो. कंप्रेसरला यमक कळत नाही. त्याआधी हाताने काम करा: प्रत्येक ओळीचा शेवट निवडा, २-३ डेसिबल वर घ्या, फार उसळलेला शब्द खाली आणा. कंटाळवाणं आहे, वेळ खातं; पण नवशिक्याच्या मिक्समध्ये सर्वांत मोठा फरक मला इथेच पडलेला दिसतो.

मग कंप्रेशन, आणि एकाऐवजी दोन कंप्रेसर. पहिला चपळ, फक्त टोकं पकडणारा, ३-४ डेसिबल. दुसरा संथ, पूर्ण ओळ समतोल ठेवणारा, २-३ डेसिबल. ही जोडी जुनी आहे. १९६०च्या दशकातल्या ११७६ आणि एलए-२ए या यंत्रांपैकी पहिलं फार वेगवान आणि दुसरं संथ. आज प्लगइनमध्ये त्यांच्या नकला सगळीकडे मिळतात. एकाच कंप्रेसरकडून सगळं काम करून घेतलं की आवाज गुदमरतो.

इक्वलायझरमध्ये ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा, २०० ते ४०० मधला गढूळपणा थोडा उतरवा. मात्र तयार प्रीसेट आंधळेपणाने लावू नका. आपल्या ‘भ’, ‘फ’, ‘ख’मध्ये हवेचा मोठा झोत असतो, त्यासाठी पॉप फिल्टर, म्हणजे माइकसमोरची जाळी, लावा आणि माइक तोंडापासून जरा तिरका ठेवा. ‘स’, ‘श’ आणि ‘चोर’, ‘चाक’मधला ‘च’ कानाला बोचतो. हे बोचणं दाबणाऱ्या डी-एसरची सुरुवात ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये करा, पण नेमकी जागा तुमच्याच आवाजात शोधा. जास्त दाबलं तर जीभ जड झाल्यासारखी वाटते.

बीट, म्हणजे रॅपमागचं संगीत, बहुतेकदा तयार, आधीच जोरात मास्टर केलेली (अंतिम पातळीला नेलेली) एकच फाइल असते. आवाज वर चढवत नेण्यापेक्षा बीट ६ ते ८ डेसिबल खाली घ्या. तिच्यात २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात थोडी जागा केली की व्यंजनं मोकळी होतात. रिव्हर्ब, म्हणजे खोलीसारखा घुमारा, कमीच बरा; त्याऐवजी छोटा डिले, म्हणजे जरा उशिराने येणारा पडसाद, घ्या. ९० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९० ठोके असताना, एक ठोका ६६७ मिलिसेकंदांचा, त्यावरून अर्धा-पाव काढता येतो.

बीट पूर्ण थांबवायलाही घाबरू नका. आंबेडकरी जलशाची परंपरा आपल्या घरची आहे. महत्त्वाची ओळ आली की वाद्यं खाली घ्यायची आणि शब्द मोकळा सोडायचा, हे शाहिराला माहीत असतं. तुमच्या सर्वांत जड ओळीखाली एक मात्रा रिकामी ठेवून पाहा.

तपासताना आवाज हळू ठेवा. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं, की मोठ्या आवाजात कानाला बेस आणि वरचे स्वर जास्त ऐकू येतात, त्यामुळे जोरात लावलेलं काहीही छान वाटतं. प्लगइन चालू-बंद करून तुलना करतानाही दोन्हीची पातळी सारखी करा. मग फोनच्या छोट्या स्पीकरवर लावा आणि ज्याने तुमचे शब्द वाचलेले नाहीत अशा मित्राला ओळी लिहून काढायला सांगा. तो जिथे अडेल, त्या शब्दावर परत जा.

चला, आता आपापला ट्रॅक उघडा. सगळे प्लगइन बंद करा आणि फक्त ओळींचे शेवट ऐकत जाऊ.