कोकणकडा, स्लाइड फिल्म आणि ३८ अंश

(दृश्य: हरिश्चंद्रगड, कलती दुपार. ट्रायपॉडवर कॅमेरा.)

कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला. दुपार कलल्याशिवाय त्याच्या पोटात ऊन शिरत नाही. शिरलं की कातळ तांबूस होतो, कपारी काळ्याच राहतात.

कॅमेऱ्यात आहे वेल्व्हिया ५०, स्लाइड फिल्म. निगेटिव्हमधली चूक प्रिंट काढताना सावरता येते. इथे कॅमेऱ्यातून गेलेली पट्टीच शेवटचं चित्र. उजेड जास्त पडला तर ढगाच्या जागी कोरी फिल्म. म्हणून स्पॉट मीटर, म्हणजे छोट्याशा भागाचा उजेड मोजणारं यंत्र, आधी ढगावर धरायचा आणि मीटरच्या आकड्यापेक्षा दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त द्यायचा. कपारी काळ्या गेल्या तर जाऊ द्याव्यात. आकाशासाठी दोन स्टॉपचा ग्रॅज्युएटेड फिल्टर (वर गडद, खाली पारदर्शक), तोही मऊ कडेचा. कडक रेघेचा लावला तर कड्याचा माथा उगाच काळवंडतो.

सूर्य बुडाल्यावर एक्स्पोजर सेकंदांत जातं आणि वेल्व्हिया मंदावते. ४ सेकंदांना एक तृतीयांश स्टॉप वाढवावा लागतो, १६ सेकंदांना दोन तृतीयांश. शिवाय रंग हिरव्याकडे झुकतो, त्यावर फिका मॅजेंटा फिल्टर.

(दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. बादलीत बाटल्या, थर्मामीटर.)

आता ई-सिक्स, म्हणजे स्लाइड फिल्म धुण्याची प्रक्रिया, घरच्या घरी. पस्तीस एमएमच्या एका रोलला पॅटरसन टँकमध्ये (उजेड आत न येणारा डबा) २९० मिली द्रावण लागतं.

सगळी मदार पहिल्या डेव्हलपरवर, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या पहिल्या द्रावणावर. तापमान ३८ अंश, वेळ सहा-साडेसहा मिनिटं. किटच्या कागदावर असेल तीच धरा. बादलीतलं पाणी अंशभर जास्त ठेवा आणि टँकही आधी गरम पाण्याने शेकून घ्या. थंड टँकमध्ये ओतलं की द्रावणाचं तापमान लगेच उतरतं.

उजेड लागलेल्या भागाची इथे काळी चांदी होते. रंग अजून कुठेच नाही. वेळ किंवा उष्णता कमी पडली तर फिल्ममध्ये न वापरली गेलेली चांदी जास्त उरते, म्हणून पुढे रंगही जास्त आणि स्लाइड गडद. उलट झालं तर फिकट.

(दृश्य: टँक उलटासुलटा होतो. द्रावण बाटलीत परत.)

धुतल्यावर कलर डेव्हलपर. तीन द्रावणांच्या किटमध्ये रिव्हर्सल, म्हणजे चित्र उलटं करून सुलटं करणारी पायरी, याच्यातच असते. न वापरली गेलेली चांदी आता डेव्हलप होते आणि तिच्यासोबत पिवळा, मॅजेंटा, सायन हे रंग तयार होतात. मग ब्लिक्स (ब्लीच आणि फिक्सर एकत्र) सगळी चांदी काढून नेतो. त्यात गॅस धरतो. टँकचं झाकण अधूनमधून सैल केलं नाही तर ते उडतं आणि ओट्यावर तपकिरी डाग पडतात. ब्लिक्सचा थेंबही पहिल्या डेव्हलपरच्या बाटलीत जाता कामा नये. मोजपात्रं वेगळी ठेवा, बाटल्यांवर नावं लिहा.

(दृश्य: रीळ उलगडतं.)

ओली फिल्म दुधाळ, निळसर दिसते. घाबरू नका, वाळली की स्वच्छ होते. बोअरचं पाणी असेल तर शेवटचं द्रावण डिस्टिल्ड पाण्यात बनवा, नाहीतर आकाशभर क्षारांचे ठिपके.

वापरलेल्या ब्लिक्समध्ये चांदी असते, तो मोरीत ओतू नका. डेव्हलपर पुढच्या रोललाही चालतो, फक्त वेळ किटच्या तक्त्याप्रमाणे वाढवायची.